जिप्सीचा पुढचा एक्सल तीनदा उघडला, त्याच्या नोंदी

गाडी: मारुती जिप्सी किंग, 1999 ची, 1298 सीसी, कार्ब्युरेटरवाली. माझ्याकडे 2017 पासून. गाव कोल्हापूर. पुढच्या एक्सलचं काम कुणी काढणार असेल तर माझे पैसे कुठे गेले ते आधी बघून घ्या, म्हणून लिहून ठेवतोय.

7 जानेवारी 2024

गगनबावड्याहून परत येताना कळ्याच्या अलीकडे डावं चाक खड्ड्यात गेलं. वेग 55 च्या आसपास. पुढची दोन्ही चाकं अशी काही नाचायला लागली की स्टिअरिंग धरून ठेवणं मुश्कील. ब्रेक मारून 20 च्या खाली आलो तेव्हा कुठे थांबली. शेजारी बायको पाणी पीत होती. ती काही बोलली नाही, फक्त बाटलीचं झाकण लावून बाटली खाली ठेवली. त्यावरून काय ते समजलो.

यंदा गाडीला 25 वर्षं होतात. जुलैत पुन्हा पासिंग आहे, म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा प्रश्न. तेव्हा हे काम टाळण्यात अर्थ नाही.

14 जानेवारी

मिस्त्री म्हणाले, स्टिअरिंग डॅम्पर गेलाय. खरंच गेला होता, तेल गळून कोरडा. नवा 1,150 रुपयांना. बसवला, चालवली, थरथर गायब. मी खूश.

22 जानेवारी

थरथर परत आली. बरोबर आठ दिवस.

इथे पहिली चूक कबूल करतो. डॅम्पर हे औषध नाही, पांघरूण आहे. खाली कुठेतरी ढिलाई आहे म्हणून चाक नाचतं, डॅम्पर ते फक्त दाबून धरतो. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं तर चांगलं एक बोटभर हललं. मग मुलाला ब्रेक दाबून बसायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग ढिलं, तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे चाक ज्याच्यावर डावं-उजवं वळतं ती खीळ. आमचं तसंच हलत राहिलं. दोन मिनिटांची ही तपासणी 14 तारखेलाच केली असती तर 1,150 वाचले असते.

28 जानेवारी

सामान आणलं. ज्या दुकानात गेलो त्याचं नाव सांगत नाही, कारण असं दुकान प्रत्येक गावात आहे. शेठने पहिलाच प्रश्न टाकला, "कसलं दाखवू? ओरिजिनल, फर्स्ट, का चालू?"

"ओरिजिनल आहे का सगळं?"

"जिप्सीचं? सगळं कुठलं आता. मिळेल तसं देतो. फर्स्ट घ्या की, सगळे तेच नेतात."

फर्स्ट घेतलं. टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे सांधे, चार, 380 प्रमाणे. किंगपिन बेअरिंग चार, 220 प्रमाणे. आतले ऑइल सील दोन, नकलच्या बाहेरच्या सीलचे दोन सेट, पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकलच्या रबरी बुशचा एक सेट. सगळे मिळून 3,340. डबे सुंदर होते. एकावर होलोग्रामसुद्धा.

3 आणि 4 फेब्रुवारी

पहिल्यांदा एक्सल उघडला. ज्यांनी आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक पोकळ गोळा असतो. चाकाला धरणारं नकल त्या गोळ्यावर फिरतं, आणि वरून एक, खालून एक किंगपिन त्याला धरून ठेवतो. किंगपिनची बेअरिंग गोळ्यात बसतात. ती झिजली की नकल सैल, आणि मग चाक नाचतं.

जुनी बेअरिंग खरंच गेली होती. बाहेरच्या कडीत रोलरच्या रांगेने खाचा पडलेल्या, बोटाने मोजता येतील अशा. डाव्या गोळ्यात ग्रीसऐवजी काळं पातळ काहीतरी होतं. डिफरन्शियलचं तेल आतल्या सीलमधून येऊन ग्रीसमध्ये मिसळत होतं.

नवी बेअरिंग बसवताना एक गोष्ट घडली. तिच्याकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. जुनी कडी काढायला पितळी छिन्नी आणि हातोडा लागला होता. नवी कडी अंगठ्याने दाबली आणि आत गेली. मिस्त्री म्हणाले, "बघा, काय मापात हाय!" मीही मान डोलावली.

दोन दिवस, मजुरी 3,500. तेल-ग्रीस 900. अलाइनमेंट 450.

24 फेब्रुवारी

तीन आठवडेही झाले नाहीत. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ, पुढून कटकट आवाज, आणि खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला पुन्हा ती ओळखीची थरथर. शॅकलखाली वाकून बघितलं तर बुशची बाहेरची कड फाटून लोंबत होती.

यावेळी मिस्त्रींना सांगितलं, काहीही फेकायचं नाही. जुनं, नवं, सगळं एका डब्यात. आणि मोजल्याशिवाय काही बसवायचं नाही. ते म्हणाले, "मोजायला माझ्याकडं काय हाय, व्हर्निअर बी पोरानं पाडला." म्हणून मोजायचं काम मी घेतलं.

2 मार्च

दुसऱ्यांदा उघडला. सगळा माल पिशवीत घालून उद्यमनगरात गेलो. तिथे एका लेथवाल्या मामांशी ओळख आहे. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा. पंपाच्या शाफ्टपासून उसाच्या चरकापर्यंत काय वाटेल ते मापात करून देणारी माणसं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

मामांनी मायक्रोमीटर लावला. जुन्या, झिजलेल्या बेअरिंगच्या कडीचा बाहेरचा व्यास आणि नव्याचा व्यास यात 0.04 मिमीचा फरक. नवं लहान. चांगल्या बेअरिंगला बाहेरच्या व्यासात शतांश मिमीच्या आसपासच सूट असते. इथे चार शतांश. म्हणजे कडी गोळ्यात घट्ट बसलीच नव्हती, बसल्या जागी फिरत होती. गोळ्याच्या आतल्या भिंतीवर चकाकी आली होती, ती त्यामुळेच. नशीब, गोळा अजून मापाबाहेर गेला नव्हता. तो गेला असता तर अख्खी हाउसिंग शोधावी लागली असती.

मग मामांनी बेअरिंगवरचा नंबर बघायला पेट्रोलच्या फडक्याने ग्रीस पुसलं. नंबर गेला. ग्रीसबरोबर नंबरही पुसला गेला. फडक्यावर काळा डाग, बेअरिंग कोरं.

"काय वो हे," मामा म्हणाले, "शाईनं लिवलंय?"

जुनं बेअरिंग पुसून बघितलं. पंचवीस वर्षांनी नंबर नखाला लागतो.

तर पहिला धडा मिळाला तो असा: किंगपिन बेअरिंग गाडीच्या पार्टच्या दुकानातून घ्यायचं कारणच नाही. ते टेपर रोलर बेअरिंग आहे, त्यावर प्रमाणित नंबर असतो. जुन्यावरचा नंबर वाचा आणि सरळ बेअरिंगच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा. मला तिथे 430 ला एक पडलं. बिल मिळालं, आणि डब्यावरचा कोड फोनवर तपासून दाखवला. मोटारपंपवाले आणि साखर कारखानेवाले तिथूनच नेतात. तिथे "फर्स्ट का चालू" असा प्रश्न कुणी विचारत नाही.

3 मार्च

बुश. जुना बुश, दुकानातला नवा बुश, दोन्ही हॅक्सॉने उभे कापले. जुन्याची चिर गुळगुळीत, आत बाहेर एकच काळा रंग. नव्याची चिर भाकरी मोडल्यासारखी, दाणेदार, आणि मधे बारीक धागे. धागे कसले? टायरचे. जुन्या टायरचं रबर दळून पुन्हा ओतलेलं. उद्यमनगरात रबराचे भाग करणाऱ्या एकाकडे शोअर गेज होतं, रबराचा कडकपणा मोजायचं. जुना 74, नवा 86. म्हणजे पंचवीस वर्षं उन्हात वाळलेल्या बुशपेक्षा नवा कडक. रबर कडक म्हणून टिकेल असं वाटतं, पण शॅकलच्या बुशला पिळ सहन करावा लागतो, आणि हा पिळला की फाटतो.

हे सगळं मी फार तावातावाने मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, नट कवा टाईट केलं होतं आपण?"

चाकं वर असताना. जॅकवर, पाटे लोंबत असताना आम्ही शॅकलचे नट पूर्ण आवळले होते. रबर त्या स्थितीत चिकटून बसलं. मग गाडी खाली आली, पाटे सरळ झाले आणि बुश पहिल्या मिनिटापासून पिळलेला. नट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा पुढे-मागे हलवायची आणि मग आवळायचे. मिस्त्रींना हे माहीत होतं, घाईत राहिलं. मला माहीत नव्हतं. तेव्हा बुशच्या फाटण्यात निम्मा वाटा दळलेल्या रबराचा, निम्मा आमचा.

9 मार्च

टायरॉड एंड. ही नोंद लांब होईल. ह्यात चूक झाली तर जीवावर बेतते.

टायरॉड एंडची दांडी निमुळती असते आणि नकलच्या निमुळत्या भोकात पाचरीसारखी बसते. निमुळतेपणा जुळला तरच ती घट्ट धरते. मामांकडून निळी शाई आणली, ती मार्किंगची असते ती. दांडीला पातळ लावली, भोकात घातली, फिरवली, काढली. चारपैकी दोन दांड्यांवर शाई सगळीकडे सारखी पुसली गेली. उरलेल्या दोनवर फक्त वरच्या कडेला एक बांगडी पुसली, खाली सगळी शाई जशीच्या तशी. म्हणजे दांडी भोकात फक्त एका कडीवर टेकलेली, बाकी हवेत.

शाई नसेल तर दुसरी खूण सांगतो. नट पूर्ण आवळल्यावर, तो सुटू नये म्हणून घालतात त्या कॉटर पिनचं भोक कुठे येतं ते बघा. आमच्या त्या दोन दांड्यांचं भोक नटाच्या खाचांच्या बरंच वर निघालं होतं. दांडी नको तेवढी आत गेली होती. मग पिन घातली तरी नटाला अडवतच नव्हती, नुसती भोकात लोंबत होती. 4 फेब्रुवारीला आम्ही ती तशीच वाकवून सोडली होती. त्या पिनवर मी तीन आठवडे हायवेला गाडी चालवली.

चारही एकाच कंपनीचे, एकाच डब्याच्या रंगाचे. दोन चांगले, दोन वाईट. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. चारही वाईट असते तर निदान कळलं तरी असतं.

15 मार्च

पुण्याला गेलो, नाना पेठेत. एसटीने जाऊन येऊन 800. अकरा दुकानं फिरलो. जिप्सी म्हटलं की प्रत्येक जण आधी हसतो, मग आत जातो. जिप्सी हा नमुना मुळात 1985 चा. मधे एक लिटरचं इंजिन गेलं, 1996 ला 1298 आलं, 2000 ला इंजेक्शन आलं. त्यामुळे "जिप्सीचं द्या" एवढ्यावर कुठला पार्ट हातात पडेल याचा नेम नाही. जुना पार्ट पिशवीत घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी ठेवून बघा. नवी जिम्नी आल्यापासून तिचं काहीतरी बसेल म्हणून विचारणारेही भेटतात. तिला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत, आपल्याला पाटे. सोडून द्या.

दोन टायरॉड एंड कंपनीचे मिळाले, 1,050 ला एक. डबा मळलेला, कोपरा फाटलेला. आता मला फाटका डबा बघून बरं वाटतं. बुशचा सेट 760. दुकानदाराने स्वतःच अंगठ्याचं नख रुतवून दाखवलं. घरी येऊन गेज लावलं तर 66. आतले सील 240 ला एक.

नकलच्या बाहेरचे सील मात्र जानेवारीत घेतलेलेच ठेवले. फेल्ट, रबर, पत्रा, तिन्ही नीट आहेत, कुठे काही दोष नाही. लोकल म्हणून सगळंच टाकाऊ असंही नाही.

30 मार्च

जोडणी. यावेळी किंगपिनचा ताण मोजला. मॅन्युअलमध्ये सरळ दिलंय: बाहेरचं सील न लावता, टायरॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून नकल ओढायचं. ते हलायला लागताना काटा 1.0 ते 1.8 किलोच्या मधे हवा. मॅन्युअलमधलं हे पान मिस्त्रींनी कधी बघितलं नव्हतं. त्यांची पद्धत हाताच्या अंदाजाची, आणि पन्नास गाड्यांत तो अंदाज चालतोही.

काटा बाजारातून आणला, भाजीवाले हातात धरतात तसला. पहिलं वाचन डावीकडे 0.6. किंगपिनच्या टोपीखालची 0.1 मिमीची एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढली, 1.4 आलं. उजवीकडे 1.5, पहिल्याच फटक्यात. एक लक्षात ठेवा, वरचा किंगपिन वर आणि खालचा खालीच. शिम पण ज्याच्या त्याच्याखाली. आम्ही चार पेले ओळीने मांडून त्यात ठेवलं होतं. चहा पिताना एक पेला कुणीतरी उचलला, त्यात अर्धा तास गेला.

कॉटर पिनचं भोक यावेळी नटाच्या खाचेत बरोबर आलं. सहा जणांना बोलावून दाखवलं.

मजुरी मिस्त्रींनी 2,500 च घेतली.

7 एप्रिल

डावीकडून पुन्हा तेल.

मी दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर बोललो. 240 रुपयांचं सील, आठ दिवसांत. मग थोडा शांत झालो आणि डबा उघडून 2 मार्चला काढलेलं 60 रुपयांचं सील हातात घेतलं. त्याची ओठासारखी कड शाबूत होती. मागची बारीक स्प्रिंग जागेवर. म्हणजे तेही बिचारं बरंच होतं. मग गळतंय कशातून?

9 एप्रिल, पाडवा

गाडी जॅकवर असतानाच हार घातला. आईने हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "पुढची चाकं कुठायत?"

13 एप्रिल

तिसऱ्यांदा उघडला, फक्त डावी बाजू. एक्सल शाफ्ट बाहेर काढून उन्हात धरला. सील जिथे टेकतं तिथे शाफ्टला एक गोल चर पडलेली. नजरेला नुसती रेघ दिसते, नख फिरवलं की अडकतं. पंचवीस वर्षं एकाच जागी सील घासून घासून झालेली. तिथे सोन्याचं सील लावलं तरी गळणार. हे 2 मार्चलाच दिसायला हवं होतं. तेव्हा मी नव्या पार्टांच्या मागे इतका लागलो होतो की जुन्या शाफ्टकडे नीट बघितलंच नाही.

मामा म्हणाले, शाफ्ट बदलू नका, सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवा. मग ते चर सोडून कोऱ्या जागेवर टेकेल. जागा होती. सीलच्या बाहेरच्या व्यासाची एक लोखंडी चकती त्यांनी लेथवर करून दिली. ती मधे ठेवून ठोकलं, त्यामुळे सील तिरकं न होता बरोबर हवं तिथे थांबलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, जोतिबाला जाल तेव्हा वाटेत न्या.

चाक उघडंच होतं म्हणून ब्रेक कॅलिपरचं रबरकिट पण बदलायला घेतलं, 380 रुपये. इथे मी स्वतःच्या हाताने माती खाल्ली. पिस्टनचं नवं रबर पेट्रोलने धुतलं. संध्याकाळपर्यंत ते फुगून खाचेत बसेना. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल काहीच चालत नाही, फक्त ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट. ते 380 मी खर्चात धरलेत. दुसऱ्या किटचे नाही धरले, ते मिस्त्रींनी दिलं आणि बायकोला सांगू नका म्हणाले.

23 एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा. मिस्त्री सासनकाठीबरोबर, गॅरेज बंद. गाडी घरासमोर. खाली पुठ्ठा घालून ठेवलाय. संध्याकाळी पुठ्ठा कोरडा.

28 एप्रिल

चाचणी. मुद्दाम डॅम्पर काढून ठेवला, कारण पांघरूण घालून ताप मोजायचा नाही. आधी हायवेला कागलपर्यंत, 70 ला. मग गगनबावडा रस्त्याने कळ्याच्या अलीकडे, तोच खड्डा. अजून तसाच आहे, धन्य त्यांची. 55 ला डावं चाक घातलं. धप्प, आणि गाडी सरळ. परत वळून आलो आणि उजवं घातलं. सरळ. बायको म्हणाली आता बस झालं.

हिशेब: डॅम्पर 1,150. पहिली खेप 8,190. दुसरी खेप, एसटी आणि मजुरीसकट, 9,260. तिसरी, शेवटच्या अलाइनमेंटसह, 2,570. एकूण 21,170. चारही टायरॉड एंड कंपनीचे धरून हेच काम एकदाच झालं असतं तर 12,510 लागले असते. वरचे साडेआठ हजारांहून जास्त बहुतेक तेच नट पुन्हा उघडण्यात आणि तेच तेल पुन्हा ओतण्यात गेले. तीन महिन्यांचे रविवार धरले नाहीत.

दुकानातले ते दोन चांगले टायरॉड एंड अजून गाडीत आहेत. दर महिन्याला खाली वाकून त्यांचे रबरी बूट बघतो. पासिंगच्या आधी तेही बदलणार आहे, कंपनीचे मिळाले तर.

वाईट निघालेले दोन घेऊन शेठकडे गेलो होतो. शाई लावून दाखवली, पिनचं भोक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं, दोन्हीचे पैसे परत दिले, आणि ते दोन्ही टायरॉड एंड पुन्हा डब्यात घालायला लागले. मी म्हटलं शेठ, पैसे ठेवा, हे मला द्या. आता ते मामांच्या लेथखाली भंगारात आहेत, दांड्या मधोमध कापून.